साक्ष, प्रचार आणि श्रोता : ख्रिस्ती मराठी लेखनाच्या वाचनाचा एक प्रश्न

मराठी समीक्षेच्या परिभाषेत काही शब्द वर्णनासाठी वापरले जात असल्याचे भासते. प्रत्यक्षात ते निकाल देत असतात. 'प्रचार' हा अशा शब्दांपैकी एक होय. एखादी संहिता प्रचारकी आहे असे म्हटले की तिच्या रूपबंधाविषयी, निवेदनाविषयी, भाषेविषयी आणखी काही विचारण्याची गरज उरत नाही. ख्रिस्ती मराठी लेखनाला हा अनुभव वारंवार आलेला आहे. 'ख्रिस्तपुराणा'च्या ओवीचे कौतुक होते, 'यमुनापर्यटना'ला पहिल्या मराठी कादंबरीचा मान मिळतो, 'स्मृतिचित्रे' तर मराठी आत्मचरित्राचा मानदंडच ठरते. परंतु या तिन्ही संहितांच्या मुळाशी असलेली श्रद्धा इतरांना सांगण्याची प्रेरणा मात्र बाजूला ठेवूनच हा गौरव होतो. जणू ती एक अडचण आहे आणि चांगल्या वाचकाने तिच्याकडे सौजन्याने दुर्लक्ष करावे.

हे दुर्लक्ष दोन विरुद्ध दिशांनी झाले आहे. मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराच्या प्रभावाखाली वाढलेल्या समीक्षेने कलाकृतीच्या स्वायत्ततेचा आग्रह धरला. त्या भूमिकेतून धर्म सांगू पाहणारे लेखन स्वभावतःच परप्रयोजनाचे, म्हणून दुय्यम ठरते. याउलट भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या प्रेरणांचा विचार करताना 'यमुनापर्यटन', 'मुक्तामाला' आणि 'मोचनगड' या तीन प्रवृत्तींची मांडणी केली व बाबा पदमनजींच्या कादंबरीला वास्तवाभिमुख प्रवृत्तीच्या आरंभी उभे केले. हा न्याय मोठाच होता. तथापि तेथेही पदमनजी स्वीकारले गेले ते विधवांच्या स्थितीचे चित्रण करणारे लेखक म्हणून. एका भूमिकेने श्रद्धेमुळे नाकारले, दुसरीने श्रद्धा वगळून स्वीकारले. दोहोंच्या मध्ये जो प्रश्न शिल्लक राहतो तो असा : आपली श्रद्धा दुसऱ्याला सांगणे ही भाषिक कृती नेमकी कोणती, आणि ती वाङ्मयीनदृष्ट्या केव्हा यशस्वी होते?

या प्रश्नाला जे. एल. ऑस्टिन यांच्या भाषाविचाराचा उपयोग होण्यासारखा आहे. 'हाऊ टू डू थिंग्ज विथ वर्ड्स' (१९६२) या ग्रंथात त्यांनी बोलण्याने घडणारी कृती आणि बोलण्याचा ऐकणाऱ्यावर होणारा परिणाम यांत भेद केला. इशारा देणे ही बोलणाऱ्याची कृती. घाबरणे हे ऐकणाऱ्याच्या ठायी घडते. हाच भेद येथे लावला, तर 'सांगणे' आणि 'वळवणे' या दोन गोष्टी वेगळ्या होतात. सांगणे बोलणाऱ्याच्या हातात आहे, वळणे ऐकणाऱ्याच्या. योगायोगाची गोष्ट अशी की, भारतीय कायद्याच्या चर्चेतही हाच भेद केंद्रस्थानी आलेला आहे. संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने धर्माचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले. १९७७ साली स्टेनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ आपल्या धर्माची तत्त्वे विशद करून पोहोचवणे असा केला आणि दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात अंतर्भूत नाही असे म्हटले. न्यायालयाच्या निर्णयाविषयी मतभेद आहेत व राहतील. समीक्षेपुरते एवढे पुरेसे की, 'प्रचार' या एकाच शब्दात आपण दोन भिन्न कृती कोंबत आलो आहोत. यांपैकी पहिलीला ख्रिस्ती परंपरेत स्वतःचा शब्द आहे : साक्ष. साक्षीदार आपण पाहिले ते सांगतो. न्यायनिवाडा त्याच्याकडे नसतो.

हा भेद केवळ पुस्तकी नाही, हे पाहण्यासाठी जुन्नर-आंबेगाव या परिसराकडे वळणे उपयोगी आहे. नाणेघाटाने कोकणाशी जोडलेल्या या मुलुखात धर्म सांगण्याचे थर एकावर एक साचलेले आहेत. जुन्नरभोवतालच्या बौद्ध लेण्यांत इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतील जे दानलेख आहेत, त्यांत स्वतःला 'यवन' म्हणवणारे तीन दाते आढळतात. इरिल याने पाण्याच्या दोन पोढ्या दिल्या, चिट याने संघाला भोजनमंडप दिला, चंद याने लेण्याच्या दर्शनी भागाचे काम करून दिले. हे यवन मूळचे कुठले, याबद्दल अभ्यासकांत वाद आहे. परंतु त्यांच्या लेखांचे स्वरूप निर्विवाद आहे. त्यांत तत्त्वनिरूपण नाही, श्रोत्याला आवाहन नाही. माझे नाव हे, आणि मी हे पाणी दिले, एवढेच. परमुलुखातून आलेला माणूस आपली श्रद्धा सांगतो ती टाक्यातील पाण्याच्या आणि पंक्तीच्या भाषेत.

याच परिसरात आळे येथे ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले त्या रेड्याची समाधी दाखवली जाते. कथेचा चमत्कार बाजूला ठेवला तरी तिच्यातील प्रश्न शिल्लक राहतो : पवित्र वाणी उच्चारण्याचा अधिकार कोणाचा? ओतूरला केशव चैतन्यांची समाधी आहे. तुकोबांना स्वप्नात मंत्र देणारे बाबाजी ते हेच, असे परंपरा मानते. तुकोबांनी आपल्या गुरूपदेशाची हकीकत अभंगात सांगितली ती साक्षीच्याच रीतीने. मला असे घडले, एवढेच तीत आहे. तुम्हीही असे करा, असा विधी तीत नाही. दानाची मूक साक्ष, वाणीच्या अधिकाराचा प्रश्न आणि अनुभवाचे प्रथमपुरुषी कथन या तीन गोष्टी या भूमीत ख्रिस्ती उपदेशक येण्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. मराठी ख्रिस्ती लेखन वाचताना त्याला या पार्श्वभूमीवर ठेवले पाहिजे. केवळ युरोपीय मिशनच्या अहवालांच्या पार्श्वभूमीवर नव्हे.

आता संहितांकडे येऊ. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या आरंभी नवख्रिस्ती श्रोता प्रश्न करतो : जुनी पुराणे आम्हांला बंद झाली, तर त्यांच्या जागी आम्ही काय वाचावे? ग्रंथाची निर्मितीच अशा रीतीने श्रोत्याच्या उणिवेतून होते. येथे श्रोता आहे, त्याचे दुःखही खरे आहे. मात्र ही उणीव ज्या सत्तेने निर्माण केली तिच्याच छायेत उत्तरही दिले जात आहे, हे विसरता येत नाही. पोर्तुगीज अमलाखालील सासष्टीत जुन्या पोथ्यांवर बंदी होती. स्टीफन्स यांची मराठीवरील प्रीती अस्सल आहे आणि त्यांच्या श्रोत्याचे स्वातंत्र्य अपुरे आहे. या दोन्ही विधानांना एकत्र धरून 'ख्रिस्तपुराण' वाचणे हेच त्याचे प्रामाणिक वाचन होय.

बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'त (१८५७) परिस्थिती निराळी आहे. यमुना आणि विनायक ही जोडी प्रवास करते, ठिकठिकाणी विधवांच्या कहाण्या ऐकते, त्यांवर बोलते. पुढे विनायक जातो, यमुना स्वतःच विधवा होते आणि अखेरीस ख्रिस्ती धर्म स्वीकारून पुनर्विवाह करते. या कादंबरीत ऐकण्याचे प्रसंग आणि सांगण्याचे प्रसंग यांची गुणवत्ता सारखी नाही. यमुना जेथे ऐकते तेथे गद्य जिवंत होते. घराघरातील बायांचे बोलणे, केशवपनाची दहशत, नातलगांचा दुष्टावा यांना स्वतःचा आवाज मिळतो. जेथे विनायक समजावून सांगू लागतो तेथे समोरचा माणूस फक्त पुढच्या उत्तराची सोय म्हणून प्रश्न विचारतो. बाख्तीनच्या परिभाषेत सांगायचे, तर संवादाचा आकार असूनही तेथे एकच आवाज उरतो. पदमनजींचे वैगुण्य ते धर्म सांगतात यात नाही. सांगताना ते श्रोत्याला आक्षेप घेण्याची पुरेशी ताकद देत नाहीत, यात आहे. जो श्रोता 'नाही' म्हणू शकत नाही, त्याच्या 'होय'ला कादंबरीत किंमत येत नाही.

श्रोत्याचे हे 'नाही' प्रत्यक्ष इतिहासात केवढे ज्वलंत होते, याचा दाखला पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाने दिला. १८८९ साली मुंबईत सुरू झालेली आणि पुढच्या वर्षी पुण्यात आलेली ही संस्था उच्चवर्णीय विधवांसाठी होती. तेथे धर्मशिक्षण दिले जाणार नाही असे आश्वासन होते. रमाबाई स्वतः मात्र ख्रिस्ती होत्या आणि आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत. त्या खोलीचे दार त्यांनी बंद केले नाही. काही मुली येऊन बसू लागल्या. १८९३ साली रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागारांनी राजीनामे दिले आणि पुण्यात गहजब उडाला. येथे आपल्या सैद्धांतिक भेदाची कसोटी लागते. उघडे दार ही साक्ष की प्रचार? रमाबाईंची बाजू अशी की, आपली श्रद्धा लपवण्याचे वचन आपण दिलेले नाही. टीकाकारांची बाजू अशी की, जिच्या छपराखाली अन्न आणि शिक्षण मिळते तिचे उघडे दार तटस्थ नसते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. आश्रयदात्याचे जगणे हेच आश्रिताला आवाहन ठरते. त्यामुळे दैनंदिन जीवनातील साक्ष ही व्याख्यानापेक्षा अधिक निष्पाप असते, हा समज टिकत नाही. तरीही दार लावून घेणे म्हणजे श्रद्धेला अंगवस्त्राप्रमाणे काढून ठेवता येते असे मानणे, आणि ही मागणी ज्या समाजाने केली त्याने स्वतःच्या देवघराची दारे कधी लावली नव्हती.

पुढे केडगावच्या मुक्ती सदनात रमाबाईंनी बायबलचे मराठी भाषांतर केले. त्यासाठी त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. साध्या स्त्रियांना कळेल अशी मराठी त्यांना हवी होती आणि संस्कृतप्रचुर धार्मिक शब्दांविषयी त्यांना संशय होता. संस्कृत पांडित्यासाठी ख्याती पावलेल्या बाईंनी आयुष्याच्या अखेरीस ते पांडित्य भाषेतून वजा करावे, ही मराठी वाङ्मयेतिहासातील लहान घटना नव्हे. आळ्याच्या कथेतील वाणीच्या अधिकाराचा प्रश्न येथे स्त्रीच्या बाजूने, वेगळ्या धर्माच्या आश्रयाने पुन्हा विचारला गेला आहे.

साक्षीचा वाङ्मयीन प्रश्न सर्वांत पूर्णपणे सुटला आहे तो लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्राचे वैशिष्ट्य असे की, त्यात श्रद्धेची हकीकत सांगणारी निवेदक ही आधी त्या श्रद्धेची श्रोती आहे, आणि तीही विरोधक श्रोती. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी त्यानंतर कित्येक वर्षे त्यांच्यापासून दूर राहून दुःख सोसले, मग एकत्र आल्यावरही आपले सोवळे आणि आपले पाणी वेगळे ठेवले, आणि पाच वर्षांनी, १९०० साली, बाप्तिस्मा घेतला. हा मधला काळच पुस्तकाचा गाभा आहे. पदमनजींच्या कादंबरीत जे 'नाही' दुबळे होते ते येथे निवेदकाच्याच तोंडी आल्याने त्याला पुरेपूर बळ मिळते. पतीची कविवृत्ती, विसरभोळेपणा, लहर, त्याचे थोरपण आणि त्याने आपल्यावर केलेला अन्याय हे सगळे ती एकाच सुरात सांगते. उपदेशकाचे असे चित्र प्रचाराच्या वाङ्मयात संभवत नाही. प्रचाराला आपला उपदेशक हास्यास्पद झालेला परवडत नाही.

येथे विनोदाचे कार्य नीट लक्षात घ्यायला हवे. लक्ष्मीबाईंच्या विनोदाची वाखाणणी पुष्कळ झाली. तो बहुधा त्यांच्या स्वभावाचा गुण म्हणून. माझ्या मते तो या संहितेच्या धर्मविचाराचाही भाग आहे. पुस्तकाच्या आरंभी वडिलांच्या सोवळ्याचे वेड येते. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याखेरीज घरात घ्यायचा नाही, अशा घरात ही मुलगी वाढते. त्या वेडामागे सत्तावन्नच्या उठावानंतर आजोबांना झालेल्या फाशीची भीषण आठवण आहे. विटाळाची भीती ही मुळात जखम आहे, हे निवेदक जाणते. म्हणून ती वडिलांना हसते पण त्यांचा उपहास करीत नाही. पुढे तिचे स्वतःचे सोवळे गळून पडते तेव्हा तोच सूर कायम राहतो. जातिभेद देवाने केलेला नसून माणसांनी केलेला आहे, हा निष्कर्ष तिला कोणा धर्मोपदेशकाच्या प्रवचनात मिळत नाही. तो तिच्या स्वतःच्या विचाराच्या ओघात येतो आणि लगेच कोणाच्याही हातचे पाणी पिण्याच्या निश्चयात उतरतो. सिद्धांत आधी आणि आचार नंतर, हा उपदेशाचा क्रम येथे मोडतो. पाणी कोणाच्या हातचे प्यायचे, पंगतीला कोणाशेजारी बसायचे, टिळकांनी घरी आणलेल्या अनाथ पोरांना न्हाऊ कोणी घालायचे, या प्रश्नांतूनच तिचा धर्म घडतो. बाप्तिस्मा हा पाण्याचाच विधी. 'स्मृतिचित्रां'त तो येण्यापूर्वी पाण्याविषयीचा निर्णय घागरीपाशी होऊन गेलेला असतो.

इरिल आणि चिट यांच्या दानाशी या प्रसंगांची तुलना ओढून ताणून केलेली वाटेल. काल, धर्म, प्रेरणा यांत कोठेही साम्य नाही, आणि तसा दावा येथे करावयाचा नाही. साम्य आहे ते चिन्हव्यवस्थेचे. ज्या समाजात धर्म प्रथमतः पाणी आणि पंगत यांच्या नियमांतून जगला जातो, तेथे नवी श्रद्धा सांगणाऱ्याला अखेर त्याच दोन चिन्हांशी व्यवहार करावा लागतो. शब्दांनी सांगितलेला समतेचा सिद्धांत मराठी कानाने अनेकदा ऐकला आहे. पाण्याचा निर्णय झाल्याखेरीज त्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे त्या कानाने शिकून घेतलेले असते.

नारायण वामन टिळकांनी दुसरी वाट काढली ती रूपाची. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती. 'अभंगांजली'त त्यांनी वारकरी रचनाबंध स्वीकारला. त्यांच्या आधी अहमदनगरात (आजच्या अहिल्यानगरात) कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा पाडली होती. ओतूरच्या गुरुपरंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या वारकऱ्याला यावर आक्षेप घेता येईल : पूल वापरून पलीकडे गेलेल्याने पूल आपला म्हणावा काय? आक्षेप योग्य आहे. त्याचे उत्तर टिळकांच्या उत्तरायुष्यात शोधावे लागते. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. तीत बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र येऊ शकत होते. १९१९ साली टिळक वारले आणि प्रयोग अपुरा राहिला. पण साक्षीच्या दृष्टीने ही दोन पावले निर्णायक आहेत. पगार सुटल्याने बोलण्यामागचा व्यवहार सुटला. बाप्तिस्म्याची अट सुटल्याने ऐकणाऱ्याने काय व्हावे याचा आग्रह सुटला. सांगणे वळवण्यापासून मोकळे झाले. 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते, त्याचे बहुसंख्य अध्याय पुढे लक्ष्मीबाईंनी रचले. पाच वर्षे 'नाही' म्हणालेल्या श्रोतीने ख्रिस्तचरित्र पूर्णत्वाला न्यावे, यापेक्षा या विषयावरचे बोलके भाष्य कोणते?

एक गंभीर हरकत अजून उरते. एकोणिसाव्या शतकातील दुष्काळांत, विशेषतः १८७६-७८ आणि शतकाच्या अखेरच्या वर्षांत, मिशनच्या अन्नछत्रांभोवती लोक जमले आणि त्यांतील काही ख्रिस्ती झाले. अशांना पोटासाठी बाटलेले म्हटले गेले. पाण्याची आणि पंगतीची भाषा ही साक्षीची म्हणायची, तर तीच आमिषाचीही होऊ शकते. ही शक्यता नाकारता येणार नाही. मात्र या टीकेत एक गृहीतक दडलेले असते : भुकेल्या माणसाला पोट असते, विवेक नसतो. ज्याला गावच्या पाणवठ्यावर मज्जाव होता त्याने आपल्याला पाणी देणाऱ्याविषयी काही मत बनवले, तर ते मत विकले गेलेले आहे असे आपण कोणत्या आधारावर म्हणतो? ब्राह्मण लक्ष्मीबाईंचा पाण्यावरून झालेला निर्णय आपण आत्मिक मानतो. दुष्काळातील महार-मांगांचा तसाच निर्णय आर्थिक मानतो. या दुजाभावाचे कारण संहितांत सापडणार नाही. ते आपल्या वाचनात आहे. लक्ष्मीबाईंनी आपली साक्ष लिहिली. त्या असंख्यांना लिहिता आले नाही. लिहिलेल्या साक्षीचे मोल ठरवताना न लिहिलेल्या साक्षींविषयी निकाल देण्याचा अधिकार समीक्षेला नाही.

हा प्रश्न जुना झालेला नाही. 'सुबोध बायबल'कर्ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची उस्मानाबादच्या (आजच्या धाराशिवच्या) २०२० सालच्या साहित्य संमेलनासाठी अध्यक्ष म्हणून निवड झाली, तेव्हा ते धर्मगुरू आहेत म्हणून आक्षेप घेतले गेले. मराठीची परंपरा ज्ञानेश्वर-तुकारामांपासून सांगणाऱ्या समाजाने धर्म सांगणारा माणूस साहित्यिक कसा, असे विचारावे, यातील विसंगती कोणाच्या फारशी ध्यानात आली नाही. दिब्रिटो २०२४ साली निवर्तले. विसंगती कायम आहे.

तेव्हा निकष बदलला पाहिजे. श्रद्धा सांगणाऱ्या संहितेला ती काही पटवू पाहते का, असे विचारून भागणार नाही. सर्वच गंभीर साहित्य काही पटवू पाहते. विचारायचे ते असे : या संहितेतील श्रोता नकार देऊ शकतो काय? सांगणारा स्वतः हास्यास्पद, चूक, अपुरा ठरण्याचा धोका पत्करतो काय? आणि सांगितलेले शब्द पाणी आणि पंगत यांच्या व्यवहारात उतरलेले आहेत काय? या तीन प्रश्नांच्या आधारे 'ख्रिस्तपुराण', 'यमुनापर्यटन' आणि 'स्मृतिचित्रे' यांचे तारतम्य 'प्रचारकी' या एका शिक्क्यापेक्षा पुष्कळ अधिक नेमके सांगता येते. हेच निकष वारकरी, महानुभाव, आंबेडकरी बौद्ध लेखनालाही लावता येतील आणि लावले पाहिजेत. एका धर्माच्या संहितांसाठी वेगळी मोजपट्टी ठेवणे समीक्षेला शोभत नाही.

दैनंदिन जीवनात मराठी ख्रिस्ती माणूस आपली श्रद्धा सांगतो ती बव्हंशी ग्रंथांतून नव्हे. नाताळच्या फराळाचे ताट शेजारी जाते, शेजारणीच्या आजारपणात कोणी रात्र जागवते, मयताच्या घरी गीत गायले जाते. ताट घेणारा ते घेतो, फराळ खातो, आणि आपल्या देवासमोर पूर्वीप्रमाणेच दिवा लावतो. देणाऱ्याचे सांगणे त्यामुळे फुकट गेले असे मानण्याचे कारण नाही. साक्ष देऊन झालेली असते, आणि दिवा कोणापुढे लावायचा हे ठरवण्याचा ऐकणाऱ्याचा हक्कही अबाधित राहिलेला असतो.